जुन्या मोटारींच्या इंजिनावरील क्रमांक : स्थान, स्वरूप आणि महत्त्व

प्रस्तावना

मोटार रंगावरून वा नाममुद्रेवरून ओळखली जात असली, तरी कायद्याच्या दृष्टीने तिची ओळख दोन क्रमांकांवर अवलंबून असते : एक चासीवरील आणि दुसरा इंजिनावरील. नोंदणी प्रमाणपत्रात दोन्ही क्रमांक नमूद असतात. मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या दुतर्फा वसलेल्या डहाणू व तलासरी तालुक्यांत, आशागडसारख्या गावातील एखाद्या वाडीत पन्नास-साठ वर्षांची जीप उभी असेल, तर तिच्या मालकापुढे पहिला प्रश्न हाच येतो की, कागदावरील क्रमांक इंजिनावर नेमका शोधावा कोठे? पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी निर्माण झाला. तत्पूर्वीची येथील कागदपत्रे ठाणे जिल्ह्याच्या काळातील आहेत. कागद जीर्ण झाले असल्यास धातूवरील क्रमांक हाच विश्वासार्ह दुवा उरतो. प्रस्तुत लेखात या क्रमांकाचे स्थान, स्वरूप व महत्त्व स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ओतीव क्रमांक व ठोकलेला क्रमांक

जुन्या इंजिनाचा ब्लॉक बहुधा बिडाचा असतो. ओतकाम करताना साच्यातूनच काही अंक उमटतात. ते पृष्ठभागावर उठून दिसतात आणि एकाच साच्यातील हजारो ब्लॉकवर सारखेच असतात. तो भागाचा क्रमांक होय, इंजिनाचा नव्हे. इंजिनाचा क्रमांक पंचाने ठोकलेला, म्हणजेच पृष्ठभागात खोल गेलेला असतो. ओतकामाचा पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे तेथे अंक नीट उमटत नाहीत. म्हणून ब्लॉकवर एक लहान उंचवटा ठेवून तो यंत्राने सपाट केला जातो व त्यावर क्रमांक ठोकला जातो. काही उत्पादक मात्र क्रमांकाची स्वतंत्र पट्टी रिव्हेटने बसवीत. पट्टी काढता येते, ठोकलेला अंक काढता येत नाही. पुराव्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

क्रमांकाची स्थाने

फोर्ड मॉडेल टी (१९०८-१९२७) या मोटारीत क्रमांक ब्लॉकच्या डाव्या बाजूस, पाणी आत येण्याच्या तोंडाच्या वर असतो. तिच्या उत्पादनाच्या बहुतांश काळात इंजिनाचा क्रमांक हाच मोटारीचा क्रमांक मानला जाई. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली. त्या पिढीतील सहा सिलिंडरच्या शेव्हरोले इंजिनावर क्रमांक उजव्या बाजूस, डिस्ट्रिब्युटरच्या मागील उंचवट्यावर आढळतो. नंतरच्या आठ सिलिंडरच्या शेव्हरोलेत तो उजव्या हेडच्या पुढील सपाट भागावर असतो. हा भाग ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाच्याच पातळीत असल्यामुळे वर्कशॉपमध्ये ब्लॉक घासून सपाट करताना क्रमांक नष्ट होण्याचा धोका संभवतो.

मुंबईत महिंद्राने ज्या विलिस जीप घडविल्या, त्यांच्या चार सिलिंडरच्या इंजिनावर क्रमांक ब्लॉकच्या पुढील भागी, पाण्याच्या पंपाजवळील उंचवट्यावर असतो. विलिसच्या पद्धतीनुसार क्रमांकानंतर ‘ए’ हे अक्षर असल्यास मुख्य व कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग ०.०१० इंच कमी मापाचे, तर ‘बी’ असल्यास पिस्टन ०.०१० इंच जादा मापाचे असल्याचे समजावे. असे अक्षर दिसताच क्रमांकात फेरफार झाल्याचा संशय घेणे योग्य नव्हे.

अँबॅसडरच्या १४८९ घनसेंमी इंजिनाचे मूळ ब्रिटिश बी-मालिकेत आहे. या मालिकेत क्रमांकाची पट्टी ब्लॉकच्या उजव्या बाजूस असते. जग्वारच्या एक्सके इंजिनावर क्रमांक दोन ठिकाणी, म्हणजे ऑइल फिल्टरच्या वर ब्लॉकवर आणि हेडच्या पुढील भागी, ठोकलेला असतो. दोन्ही क्रमांक जुळत नसल्यास हेड बदलले गेल्याचा निष्कर्ष काढता येतो. फोक्सवॅगन बीटलमध्ये तो जनरेटरच्या आधाराखाली क्रँककेसवर असतो.

कायदेशीर महत्त्व

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांचे नियमन केले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेने ५० वर्षांहून अधिक जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हीए’ ही स्वतंत्र नोंदणीमालिका उपलब्ध करून दिली. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असावे व चासी, बॉडी अथवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी १० वर्षे वैध राहते. मूळ इंजिन सिद्ध करण्याचे साधन म्हणजे त्यावरील क्रमांक. तो नाहीसा झाल्यास प्रामाणिक मालकाचाही दावा दुबळा ठरतो.

क्रमांक घासून पुसला, तरी पंचाच्या आघाताने खालील धातूची रचना काही खोलीपर्यंत बदललेली असते. रासायनिक द्रव्याच्या साहाय्याने ती दृश्यमान करण्याचे तंत्र न्यायवैद्यक प्रयोगशाळांत वापरले जाते. परंतु बीड ठिसूळ असल्यामुळे त्यावर हे यश मर्यादित असते. हेतुपुरस्सर खोडणाऱ्यास हा इशारा आहे, तर अजाणतेपणी घासणाऱ्यासाठी ती न भरून येणारी हानी आहे.

जतनाची पद्धत

क्रमांकाच्या जागेवरील तेलकट थर रॉकेल व मऊ ब्रशने काढावा. ग्राइंडर, वाळूचा मारा अथवा तारेचा ब्रश वापरू नये. त्यानंतर पातळ कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्यावा, छायाचित्र काढावे आणि नोंदणी प्रमाणपत्राशी अंकन् अंक ताडून पाहावा. ३ व ८ अथवा १ व ७ हे अंक अस्पष्ट झाल्यास नव्याने ठोकण्याचा मोह टाळावा, कारण असा दुरुस्त अंक बनावट अंकापासून वेगळा ओळखणे कठीण जाते. तफावत आढळल्यास ती परिवहन कार्यालयाच्या निदर्शनास आणावी. ब्लॉक वर्कशॉपमध्ये देण्यापूर्वी ही सर्व नोंद पूर्ण करणे श्रेयस्कर.

निष्कर्ष

इंजिनावरील क्रमांकाचे स्थान उत्पादकाच्या कार्यपद्धतीनुसार बदलते. तथापि सपाट केलेला उंचवटा किंवा रिव्हेटची पट्टी शोधणे हे सूत्र बहुतेक ठिकाणी उपयोगी पडते. जुनी मोटार हा औद्योगिक इतिहासाचा दस्तऐवज मानला, तर हा क्रमांक त्यावरील स्वाक्षरी होय. पॉलिश व रंगाइतकीच काळजी या चार-दोन इंच जागेची घेतली, तरच त्या दस्तऐवजाचे मूल्य टिकून राहील.