संगणकावरील कामांची शेजपाळी

नीरा उजव्या कालव्यावर बागायत करणाऱ्या फलटणच्या शेतकऱ्यास शेजपाळी समजावून सांगण्याचे कारण नाही. कोणाच्या शेतास कधी पाणी मिळावयाचे हे आधी ठरते, आणि पाळी रात्री दोनची असली तरी ती चुकवून चालत नाही. संगणक-व्यवस्थापक असेच पत्रक 'क्रॉन' या आज्ञावलीच्या हाती देतो. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून परिचित असलेल्या या पत्रकाच्या प्रत्येक ओळीत मिनिट, तास, तारीख, महिना व वार अशी पाच स्थाने असतात. शेवटी करावयाचे काम. 'कोणतेही' हा अर्थ तारका दर्शविते.

पंचाईत होते ती घड्याळाची. भाड्याचे सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. आपली वेळ त्यापुढे साडेपाच तास. म्हणून रात्री दोनच्या कामासाठी तास २०, मिनिट ३० असे लिहावे लागते. दैनिक काम एवढ्याने भागते. परंतु हिशेबाची प्रत १ तारखेस रात्री दोनला हवी असेल, तर सर्व्हरच्या लेखी तो मागील महिन्याचा अखेरचा दिवस ठरतो. आणि 'अखेरचा दिवस' असे लिहिण्याची सोय मूळ पत्रकात नाही. तेथे १ लिहिल्यास प्रत फलटणच्या २ तारखेस निघते, व क्रॉन त्याबद्दल अवाक्षरही काढीत नाही. यास्तव काम रोज सुरू करावे, आरंभीच भारतीय तारीख तपासावी आणि ती १ नसल्यास थांबावे. सर्व्हरचे घड्याळच बदलणे सोपे खरे. पण यंत्र सामायिक असेल, तर तो अधिकार आपला नसतो.