हात धुण्याचा तास

नर्सरी बघायला आलेले पालक आधी वर्ग बघतात, मग कॅमेरे आहेत का विचारतात आणि शेवटी मुद्द्यावर येतात, ‘‘एबीसीडी कधी सुरू करता?’’ आई मराठी असली तर मला बाजूला घेते. ‘‘ताई, दिवसभर नुसतं खेळतातच का हो?’’ मी हो म्हणते आणि तिचा चेहरा उतरतो. फी काही तिने खेळायला भरलेली नसते.

सलवा म्हणजे कुवेत शहराच्या दक्षिणेला, रुमैथियाच्या पलीकडची निवासी वस्ती. आखीव ब्लॉक, उंच भिंतींचे व्हिला, अधूनमधून एखादा बकाला, म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. अशाच एका व्हिलात आमची नर्सरी भरते. मुलं दीड ते चार वर्षांची. कुवेती, लेबनीज, इजिप्शियन, भारतीय, सगळी मिसळलेली. मी मूळची बोर्डीची, डहाणू तालुक्यातली. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आले आणि मुलांत रमले.

बाहेर सोडून द्यावं अशी इथली हवा वर्षातले जेमतेम पाच महिने. नोव्हेंबर ते मार्च आम्ही अंगण सोडत नाही. त्यानंतर ऊन असं तापतं, की जून ते ऑगस्ट सकाळी 11 ते दुपारी 4 उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला सरकारचीच मनाई असते. याच देशात मित्रीबा इथे जुलै 2016 मध्ये 53.9 अंश तापमान नोंदलं गेलं. अशा उन्हाळ्यात वाळू, पाणी, माती सगळं आत आणावं लागतं. फरशी ओली होते, सफाईवाली चिडते. तिचं बरोबरच असतं.

पाण्याच्या टेबलावर परवा एक तीन वर्षांचा कुवेती मुलगा बसला होता. हातात प्लॅस्टिकचा दल्ला, म्हणजे अरबी कॉफीची चोचीची किटली, आणि समोर बिनकानाचे छोटे कप, फिंजान. त्याने मला एक भरून दिला. मी प्यायल्याचं नाटक करून परत केला, त्याने पुन्हा भरला. पुन्हा दिला, पुन्हा भरला. मी ‘बस’ म्हटलं तरी थांबेना. मग माझ्या ध्यानात आलं. इथली रीत अशी, की पाहुण्याला पुरे झालं की तो फिंजान हलकेच हलवून परत देतो. तोवर यजमानाने ओतत राहायचं. मी कप हलवला. त्याने गंभीरपणे दल्ला खाली ठेवला आणि शेजारच्या मुलीकडे वळला.

आता यात शिक्षण कुठे आहे, असं विचारणाऱ्यांसाठी सांगते. पाणी म्हणजे कॉफी, हे त्याने मनाशी धरलं होतं. एका वस्तूने दुसरीच्या जागी उभं राहायचं, ही अक्कल आली तरच पुढे कागदावरची एक वाकडी रेघ ‘क’ या आवाजाच्या जागी उभी राहू शकते. काठीचा घोडा करणाऱ्या मुलाबद्दल रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की यांनी हेच म्हटलं होतं: वस्तू आणि तिचा अर्थ वेगळे करायला मूल खेळातून शिकतं. शिवाय त्या खेळात नियम होता आणि तो कुणी लादलेला नव्हता. आणखी ओतायचा मोह झाला तरी कप हलला की थांबायचं, हे त्याने स्वतःला बजावलं होतं. सांडू नये म्हणून मनगट किती वळवायचं, तेही जमत होतं. पेन्सिल धरणारं मनगट तेच. हे सगळं वर्कशीटवर होत नाही. वर्कशीट घरी नेता येते, फ्रिजवर चिकटवता येते, म्हणून पालकांना आवडते.

पण खेळाची बाजू हल्ली बरेच जण मांडतात. भारताच्या 2020 च्या शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांच्या पायाभूत टप्प्यात खेळाला मानाचं स्थान आहे. माझं भांडण आहे ते दुसऱ्याच गोष्टीवरून.

नर्सऱ्यांत साधारणपणे दोन प्रकारच्या बायका असतात. एक ‘टीचर’, ती गोलात बसवून गाणी घेते, रंग ओळखायला लावते. दुसरी मदतनीस; ती डायपर बदलते, भरवते, नाक पुसते, झोपवते. पगार पहिलीचा जास्त, पालकसभेत खुर्ची पहिलीला. आणि दीड वर्षाचं मूल दिवसातला मोठा वेळ असतं कुणाजवळ, तर दुसरीजवळ. त्याची शिक्षिका तीच, हे कुणी कागदावर लिहीत नाही इतकंच.

हंगेरीच्या बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांनी 1946 मध्ये बुडापेस्टच्या लोत्झी रस्त्यावर अनाथ बाळांसाठी घर सुरू केलं. त्यांचा दंडक साधा होता. बाळाला उचलण्याआधी सांगायचं, की उचलते आहे. कपडे घालताना घाई करायची नाही; बाही पुढे धरायची आणि बाळ हात घालेपर्यंत थांबायचं. आंघोळ, भरवणं, लंगोट बदलणं या वेळा त्यांनी उरकण्याच्या मानल्या नाहीत. त्या वेळी एका मोठ्या माणसाचं पुरतं लक्ष एकट्या बाळाकडे असतं. तेवढं पोट भरून मिळालं, की उरलेला वेळ ते आपलं आपण निवांत खेळतं.

आमच्याकडची एक श्रीलंकन मदतनीस हे कुठल्याही कोर्सशिवाय करते. हात धुवायला नेताना ती मुलाची बाही स्वतः सरकवत नाही. आपली सरकवते आणि त्याच्याकडे बघते. ते आपली सरकवतं. नळ कोण सोडणार ते विचारते. फेस झाला की ती सिंहलीत काहीतरी म्हणते, मूल अरबीत काहीतरी म्हणतं, ती ते ऐकून घेऊन पुन्हा बोलते. दोघांची भाषा एक नाही, पण पाळीपाळीने बोलणं व्यवस्थित चालतं. बाळाने आवाज, नजर किंवा हातवारा टाकावा आणि मोठ्याने तो परतवावा, या देवघेवीवर मेंदूची जडणघडण मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, हे आता संशोधकही सांगतात. तिच्या रांगेला वेळ फार लागतो, अशी तक्रार आमच्याच खोलीतून होते. मी त्या रांगेला ‘हात धुण्याचा तास’ म्हणते आणि वेळापत्रकात तो मुद्दाम लांब ठेवते.

याला महागडी साधनं लागत नाहीत, हे जमैकात दिसलं. किंग्स्टन शहरात 1986-87 मध्ये कुपोषणाने वाढ खुंटलेली, दोन वर्षांच्या आतली 129 मुलं निवडली गेली. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं आठवड्याला तासभर जात. घरातल्याच वस्तूंची खेळणी करून मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं, ते आईला दाखवत. वीस वर्षांनी पाहिलं तेव्हा या मुलांची कमाई, ज्यांच्याकडे अशा भेटी झाल्या नाहीत त्यांच्यापेक्षा सुमारे 25 टक्के जास्त होती. आईला भाषण दिलेलं नव्हतं; तिच्याबरोबर जमिनीवर बसून खेळलेलं होतं.

मला स्वतःला याचं फार नवल वाटत नाही, कारण हे आमच्या गावाला आधीच ठाऊक होतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला आल्या, ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला मॉन्टेसरीचे पाठ गिरवलेल्या ताराबाईंनी परदेशी लाकडी साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पानं आणली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आणि तिथे पहिलं काम काय, तर मुलांना न्हाऊमाखू घालायचं, नखं काढायची, केस विंचरायचे. दोन शिकल्यासवरल्या बायका हे स्वतःच्या हातांनी करत. पुढे 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. तिथेही सेविका आणि मदतनीस यांना पगार नव्हे, मानधन मिळतं. मुलाचं नाक पुसणाऱ्या हाताची किंमत सलव्यात कमी आणि बोर्डीत जास्त, असं काही नाही.

मराठी आयांची आणखी एक धास्ती असते ती भाषेची. घरात मराठी, नर्सरीत इंग्रजी आणि अरबी, सांभाळणारी बाई तेलुगू. ‘‘गोंधळ होऊन बोलायलाच उशीर झाला तर?’’ मग घरातही मोडकं इंग्रजी सुरू होतं. अनेक भाषा कानावर पडल्याने मुलाचं बोलणं खुंटत नाही. खुंटतं ते त्याच्याशी कुणी मनापासून बोललंच नाही तर. त्यामुळे मी सांगते, कणीक मळताना त्याला एक गोळा द्या आणि मराठीतच वाद घाला, की ही पोळी आहे की हत्तीचा कान. दोन वर्षांच्या मुलाचं बोलणं मात्र खरंच पुढे सरकत नसेल, तर भाषेला दोष देत न बसता डॉक्टरांना दाखवा, कान तपासून घ्या.

नर्सरी निवडताना एबीसीडीचा प्रश्न खुशाल विचारा. पण त्याआधी विचारा, की माझं मूल जेवताना त्याच्याजवळ कोण बसतं, तिच्याकडे एकूण मुलं किती, आणि तीच बाई वर्षभर राहते का दर दोन महिन्यांनी बदलते. मग ऑफिसातून उठून जेवणाच्या वेळी तिथे जाऊन बसायची परवानगी मागा. आमच्याकडे साडेअकराला जेवण असतं.