नऊ किलोंचा कणा

माणसाच्या कमरेचा कणा भोवतालच्या स्नायूंपासून वेगळा केला, फक्त मणके, त्यांच्यातल्या चकत्या आणि त्यांना बांधणारे अस्थिबंध तेवढे ठेवले, तर तो किती भार पेलेल? अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मनोहर पंजाबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगशाळेत मोजून पाहिलं. उत्तर आलं सुमारे ९० न्यूटन, म्हणजे जेमतेम ९ किलो. त्यापुढे कणा वाकून कोलमडतो. आणि याच कण्याच्या भरवशावर यवतमाळ जिल्ह्यातली बाई संध्याकाळी वेचलेल्या कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन वावरातून घरी येते. मधला सगळा फरक स्नायूंचा.

हे स्नायू म्हणजे नुसतं पोट नव्हे. पोटावरचे उभे पट्टे सगळ्यांना दिसतात, पण खरं काम आतल्या थरांचं असतं. कुशीतले तिरपे स्नायू, त्यांच्याखाली कमरेला वेढणारा आडवा स्नायू, मागे मणक्या-मणक्यांना जोडणारे मल्टिफिडस, वर श्वासपटल आणि तळाशी ओटीपोटाचा स्नायूपट. तंबूच्या खांबाला चहूबाजूंनी ताणलेले दोर जसे धरून ठेवतात, तसे हे सगळे मिळून कण्याला धरतात. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी दाखवलं, की निरोगी माणूस हात उचलतो त्याच्या निमिषभर आधी त्याच्या पोटातला आडवा स्नायू आवळलेला असतो. हात हलायच्या आधी शरीर कमर बांधून घेतं! कंबरदुखी असलेल्यांत मात्र ही आवळण उशिरा होते.

आता पऱ्हाटीच्या ओळीत चला. दिवाळीच्या सुमारास वेचणी रंगात येते. मजुरी किलोवर, त्यामुळे हात थांबत नाहीत. वरची बोंडं उभ्याने वेचता येतात, खालच्या बोंडांसाठी कमरेतून पूर्ण वाकावं लागतं आणि पोटाशी बांधलेली झोळी भरत जाते तसा पुढचा ओढा वाढतो. ‘दिवसभर राबणाऱ्याला व्यायाम कशाला?’ हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो, आणि तो विचारणाऱ्याचा रागही मला समजतो. पण शरीराचा हिशेब वेगळा आहे. माणूस पूर्ण वाकला, की पाठीचे लांब स्नायू एका टप्प्यावर जवळपास गप्प होतात. हे १९५० च्या दशकातच विद्युतनोंदींवरून दिसलं होतं. तेव्हा भार जातो तो अस्थिबंधांवर आणि चकत्यांवर. बराच वेळ तसंच राहिलं, तर अस्थिबंध सैलावतात आणि पूर्ववत व्हायला वेळ घेतात. म्हणजे ज्या कष्टाने कंबर कणखर होईल असं वाटतं, त्या कष्टात कमरेचे स्नायू पुरते कामालाच लागत नाहीत. वेचणी संपताच गाठोडं उचलण्याआधी दोन-तीन मिनिटं ताठ उभं राहावं, चार पावलं चालावं, हे म्हणून सांगायचं.

व्यायाम काय करावा? कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात कण्यावर अनेक वर्षं काम केलेले स्टुअर्ट मॅकगिल यांचा भर कमर वाकवण्यावर नाही, ती स्थिर धरण्यावर आहे. गुडघे-तळव्यांवर टेकून उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, मग बाजू बदलायची. कुशीवर कोपर टेकून अंग सरळ उचलायचं. उताणं पडून, एक गुडघा दुमडून, डोकं आणि खांदे किंचित वर घ्यायचे. प्रत्येक स्थिती आठ-दहा सेकंद धरायची, सोडायची, पुन्हा धरायची, श्वास न कोंडता. सतरंजीपलीकडे काही लागत नाही. आखाड्यातले जोर नीट काढले, म्हणजे कंबर लोंबू न देता, तर त्यांतही हेच घडतं. दुखणं पायात उतरत असेल किंवा पाय बधिर होत असेल, तर मात्र व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवावं. यवतमाळला त्यासाठी वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

या सगळ्या स्नायूंना एकाच वेळी कामाला लावणारा प्रकार महाराष्ट्राने कधीच घडवला आहे. तो म्हणजे मल्लखांब. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या खांबावरच्या मेहनतीचा उल्लेख सापडतो. पुढे मागे पडलेली ही विद्या दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा उभी केली. पुरलेला, टांगता आणि दोरीचा असे तिचे तीन प्रकार. वर निमुळत्या होत गेलेल्या खांबाला अंग, मान आणि बोंड असे भाग असतात. एरंडेल चोळतात, त्याने कातडी सोलत नाही, पण खांब निसरडाही होतो, आणि पकड ढिली पडली की शरीर लगेच खाली येतं. डोकं खाली, पाय वर, अशा स्थितीत ओटीपोट उचलून धरायचं काम हातांचं कमी आणि कमरेचं अधिक.

यवतमाळपासून साधारण ९० किलोमीटरवर, अमरावतीत, वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. १९३६ मध्ये मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवली. विदर्भातल्या शाळांना व्यायामशिक्षक याच संस्थेने घडवून दिले. आणि मल्लखांबासाठी लागणारं सागवान तर पांढरकवडा-टिपेश्वर बाजूच्या रानात आहेच. जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांतल्या प्रत्येक मोठ्या शाळेत एक खांब उभा राहावा, मुलींसाठी दोरही टांगला जावा, असं मला मनापासून वाटतं. सुरुवात साध्या अढीने करावी: खांब हातांनी धरून, अंग उलटं करत, दोन्ही पायांनी वर मिठी घालायची. खाली जाड गादी हवी, जवळ जाणता शिक्षक हवा, आणि ही अढी पक्की बसेपर्यंत पुढचा कोणताही प्रकार शिकवू नये.