चिमुकल्या विमानाच्या तबकड्या

कोल्हापुराहून रत्नागिरीस जातांना आंबा घाटाच्या अलीकडे आमचें मलकापूर लागतें. पावसाळ्यांत येथें भिंतींनाही घाम फुटतो. अशा दिवसांत आमच्या माजघरांत एका विमानाची जुळणी चालली होती. विमान लांकडाचें व प्लास्टिकच्या पत्र्याचें, मूळच्या एकचोविसांश आकाराचें. कारागीर आमचे चिरंजीव, आणि परीक्षक त्यांचे चुलत आजोबा, म्हणजे माझे थोरले काका. काकांनीं तारुण्यांत हवाई दलांत उपकरणांच्या दुरुस्तीचें काम केलें. त्यांचा एक डोळा गेला आहे. दुसऱ्याविषयीं डॉक्टर फारसें आश्वासन देत नाहींत. तेव्हां विमान दिवाळीपूर्वीं पुरें व्हावें, हें घरांत कोणीं न बोलतां सर्वांनीं ठरविलें होतें.

विमान होतें एच. टी. २. डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखालीं बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यांत त्याचा आराखडा झाला व १९५१ सालीं तें प्रथम उडालें. घाटगे हे जर्मनींतील गॉटिंगेन येथें प्राण्ट्ल या विख्यात शास्त्रज्ञाचे शिष्य. नवशिक्या वैमानिकांसाठीं केलेल्या या विमानांत शिष्य व गुरु एकामागें एक बसत. म्हणून तबकड्यांचे फलकही दोन.

विमानांतील नेहमींची तबकडी सुमारें ८० मिलिमीटर व्यासाची. आमच्या मापांत ती सव्वातीन मिलिमीटर. एवढ्यांत हातानें आंकडे काढणें अशक्यच. चिरंजीवांनीं तबकड्या संगणकावर काढून पारदर्शक कागदावर काळ्या छापल्या, आंकडे व कांटे कोरे ठेवले आणि मागून पांढरा रंग दिला. पांढरे आंकडे आपोआप उमटले. पुढें भोंकें पाडलेला पातळ काळा पत्रा. त्याच्या कडांवर जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें चंदेरी रंग पुसला कीं धातूचा भास होतो. कांचेसाठीं प्रत्येक भोंकांत वार्निसाचा एकेक थेंब. येथें मलकापूरच्या पावसानें डाव साधला. वार्निसांतील द्राव उडतांना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेंतील पाणी त्यावर बसतें आणि कांच दुधाळ होते. सकाळीं पाहिलें तों सर्व तबकड्यांना मोतीबिंदू! काकांसमोर हा शब्द अर्थातच कोणीं उच्चारला नाहीं.

दुसरा फलक डब्यांत, दिव्याच्या उबेंत वाळविला. काकांनीं तो भिंगाखालीं धरला. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "बाळ, पंखा थांबलेला, चाकें जमिनीवर, आणि वेगाचा कांटा निम्म्यावर कसा रे?"

कांटे आम्हीं उड्डाणांतील एका छायाचित्रावरून घेतले होते! समोरून नळींत शिरणाऱ्या वाऱ्याचा दाब आणि स्थिर हवेचा दाब यांतील अंतरावर हा कांटा चालतो. विमान उभें असतां अंतरच नाहीं.

"मग सगळेच शून्यावर घेतों, आजोबा."

"उंचीचा नको."

उंचीमापकांत एक निर्वात डबी असते. बाहेरचा दाब घटेल तशी ती फुगते व कांटा चढतो. समुद्रसपाटीचा दाब लावून ठेविला असेल, तर बंगळूरच्या जमिनीवर उभें असलेलें विमानही सुमारें ३,००० फूट दाखवितें. कोणी वैमानिक तळाचाच दाब लावी, मग शून्य. परंतु काकांना आपल्या हातानें लावलेले तीन हजारच हवे होते.

तिसरा फलक गणपतीच्या आदल्या दिवशीं बसला. काकांनीं भिंग घेतलें, उंचीमापक वाचला, आणि बरोबर वाचला. मग मागच्या आसनाकडे बोट दाखवून विचारलें, "आणि गुरूच्या तबकड्या कोठें आहेत?"