रेखाटनवही

चित्रकाराने निरीक्षणे टिपण्यासाठी, हात वळता राहावा म्हणून आणि रेषा व रंग यांचे प्रयोग करून पाहण्यासाठी बाळगलेली कोऱ्या कागदांची बांधीव वही. मराठीत ‘स्केचबुक’ हा शब्दही रूढ आहे. सुट्या कागदावरील फसलेले रेखाटन सहसा टाकून दिले जाते. वहीत मात्र ते यशस्वी रेखाटनाच्या शेजारी टिकून राहते. चित्रकाराचा विचार कोणत्या वळणाने गेला, हे पानांच्या क्रमावरून उलगडते. त्यामुळे पूर्ण झालेल्या चित्रांचा लहान संग्रह असे तिचे स्वरूप मानणे बरोबर नाही.

तेराव्या शतकातील फ्रेंच व्हीलार द ऑन्कूर याची चर्मपत्रावरील ३३ पाने उपलब्ध आहेत. त्यांत वास्तू, यंत्रे, प्राणी व मानवाकृती आढळतात. परंतु त्यांतील बराच भाग इतरांनी पाहून गिरवावा अशा नमुन्यांचा आहे. स्वतःच्या शोधासाठी वही वापरण्याची वृत्ती प्रबोधनकालीन इटलीत बळावली. लिओनार्दो दा व्हिंची (१४५२–१५१९) याच्या टिपणवह्यांची सात हजारांहून अधिक पाने आज उपलब्ध असून त्यांत एकाच आकृतीच्या अनेक रेषा एकमेकींवर चढवलेल्या दिसतात. अशा रेषांच्या गुंत्यातूनच योग्य आकार निवडण्याची त्याची पद्धत होती.

त्या काळी प्रचलित असलेल्या चांदीच्या टोकाच्या लेखणीला हाडांच्या राखेचा लेप दिलेला कागद लागे आणि रेषा सहजी पुसता येत नसे. फ्रान्समध्ये न्यीकॉला-झाक काँते याने १७९५ मध्ये ग्राफाइटची पूड व माती यांचे मिश्रण भाजून पेन्सिली तयार करण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. मातीचे प्रमाण बदलून पेन्सिल कठीण वा मऊ करता येऊ लागली. वहीत रंग सुलभ झाला तो जलरंगांच्या वड्या व पुढे एकोणिसाव्या शतकातील ओलसर रंगांच्या पेट्या बाजारात आल्यावर. तोपर्यंत प्रवासी चित्रकार पुष्कळदा रंगांची नावे शब्दांतच लिहून ठेवी. देलाक्र्वाच्या १८३२ मधील मोरोक्को प्रवासाच्या वह्यांत जलरंगाचे फटकारे आणि रंगांच्या शब्दनोंदी शेजारी शेजारी आहेत. या सामग्रीवर त्याने पुढे अनेक वर्षे चित्रे रंगवली. मोरोक्कोतील ज्यू विवाहाचे चित्र १८४१ च्या प्रदर्शनात आले. इंग्रज चित्रकार टर्नर (१७७५–१८५१) याच्या सुमारे ३०० वह्या लंडनच्या टेट संग्रहात आहेत. इटलीच्या १८१९ मधील प्रवासात त्याने काही वह्यांची पाने आधीच करड्या पातळ लेपाने रंगवली व प्रकाशाच्या जागी तो लेप टिपून वा खरवडून कागदाचा पांढरा रंग उघडा केला. येथे प्रकाश रंगाने चढवलेला नसून रंग काढून मिळवलेला आहे.

रंगाचे वर्तन पुस्तकातील रंगचक्रावरून पुरते कळत नाही. जलरंग वाळल्यावर फिका होतो. अल्ट्रामरीनचे कण खरबरीत कागदाच्या खोलगट भागांत बसून दाणेदार पोत निर्माण करतात (कपड्यांना द्यायची जुनी पुडीतील नीळ हे बहुधा हेच रंगद्रव्य असे). हाच निळा बर्न्ट सिएनात मिसळला तर प्रमाणानुसार थंड वा उबदार करडा मिळतो आणि तो तयार काळ्या रंगापेक्षा अधिक जिवंत असतो. ओल्या कागदावर रंग पसरतो, कोरड्यावर त्याला कडा येते. एकच करडा नारिंगी रंगाशेजारी निळसर, तर निळ्याशेजारी नारिंगीकडे झुकलेला भासतो. म्हणून रंगपट्ट्या सुट्या न काढता एकमेकींना लागून काढणे व बाजूस मिश्रणाची नोंद करणे उपयुक्त ठरते. पेन्सिलीसाठी साधा कागद चालतो. जलरंगाने मात्र पातळ कागद फुगतो, म्हणून दर चौ. मी. ला सु. २०० ते ३०० ग्रॅम वजनाचा, खळ दिलेला कागद घ्यावा.

महाराष्ट्रात शालेय चित्रकला परीक्षांमुळे स्वच्छ, नेटक्या कागदाचा आग्रह दृढ झाला. त्या शिस्तीचे महत्त्व आहेच. पण वहीही परीक्षकाला दाखवायची वस्तू झाली, की विद्यार्थी हमखास जमणाऱ्या गोष्टीच पुन्हा पुन्हा काढतो आणि प्रयोग संपतो. याउलट प्रभाकर बरवे (१९३६–९५) यांच्या टिपणवह्यांत घड्याळ, पान, शंख यांसारख्या वस्तूंची रेखाटने आणि आकार व अवकाश यांविषयीचे चिंतन एकत्र वाढताना दिसते. त्यांच्या कोरा कॅनव्हास (१९९०) या ग्रंथातही याच चिंतनाचा विस्तार आहे. शब्द आणि रेषा यांतील सीमा पुसट होण्याचे आणखी लक्षणीय उदाहरण रवींद्रनाथ टागोरांचे आहे. १९२४ मधील पूरबीच्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळी जोडून त्यांनी आकृती घडवल्या. त्यांच्या चित्रनिर्मितीचा उगम तेथे मानला जातो.

वहीला बाजारात किंमत येऊ लागली, तशी पाने सोडवून स्वतंत्रपणे विकण्याची प्रथाही वाढली. त्यामुळे अनेक वह्यांचा मूळ क्रम कायमचा हरवला आहे. आपल्याकडे दमट हवेचा धोका वेगळा : खळ दिलेल्या कागदावर पावसाळ्यात बुरशीचे तपकिरी ठिपके उमटतात. वही पूर्ण वाळल्याशिवाय मिटू नये, आम्लरहित कागद वापरावा, कोळसा व मऊ पेन्सिलीच्या पानांवर स्थिरीकारक फवारावे, तसेच पानांना क्रमांक व तारीख घालावी.