युरोपातला लोण्याचा डोंगर आणि वेळापूरचं दूध

सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूर परिसरात सकाळी दूध संकलन केंद्रावर जा. कॅन उघडतात, नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफचे (स्निग्धांश सोडून उरणाऱ्या घन घटकांचे) आकडे उमटतात आणि त्यावर दर ठरतो. या पट्ट्यात घरोघरी दिसते ती संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) गाय. तिच्या वाणाचं मूळ हॉलंडमधल्या फ्रीसलंड प्रांतात आणि उत्तर जर्मनीत. खिल्लार गुरांच्या मुलखात ती आता पुरती रुळली आहे. पण युरोपातून फक्त गाय आली नाही. भारताच्या दूधधंद्याला भांडवलही आलं आणि ते ज्या वाटेनं आलं, ती वाट समजून घेताना मी थक्क होतो.

युरोपीय आर्थिक समुदायानं १९६०च्या दशकात आपल्या शेतकऱ्यांना दुधाच्या भावाची हमी दिली. भाव पक्का झाल्यावर दूध वाढतच गेलं. खपेना ते लोणी आणि दूध भुकटी होऊन गोदामांत साठलं. लोक त्याला लोण्याचा डोंगर म्हणू लागले. तो हलवायचा एक मार्ग म्हणजे गरीब देशांना देऊन टाकणं. तीच भुकटी आपल्याकडे स्वस्तात ओतली गेली असती, तर दुधाचा भाव कोसळला असता आणि ज्याच्या नावानं मदत आली, तो शेतकरीच बुडाला असता.

आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचे व्हर्गीस कुरियन यांनी हा धोका ओळखला आणि त्यातूनच वाट काढली. भुकटी आणि बटर ऑइल दान म्हणून घ्यायचं, पण फुकट वाटायचं नाही. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथल्या डेअऱ्यांना ते इथल्या भावानं विकायचं. त्यापासून दूध तयार करून शहरातला ग्राहक धरून ठेवायचा आणि हाती आलेल्या रुपयांतून खेड्यापाड्यांत सहकारी संस्था, शीतकरण केंद्रं, टँकर उभे करायचे. गावचं दूध शहरात पोचू लागलं की भुकटीनं मागे हटायचं. १९७० मध्ये हे ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झालं. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत पहिल्या टप्प्यासाठी १,२६,००० टन भुकटी आणि ४२,००० टन बटर ऑइल ठरलं होतं. घेणाऱ्यानं देणगीचा उपयोग स्वतः ठरवावा, हे मला आजही विलक्षण वाटतं.

तेव्हा देशाचं वर्षाचं दूध सुमारे सव्वादोन कोटी टन होतं. २०२३-२४ मध्ये ते जवळपास चोवीस कोटी टनांवर गेलं. सगळं श्रेय त्या भुकटीला देता येणार नाही. गोठ्यातले कष्ट, चारा, कालव्याचं पाणी, संकरित वाण, खासगी डेअऱ्या, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. नेमका कोणाचा किती, हे शोधायला संशोधनच लागतं. हॉलंडमधले मार्टिन डोर्नबोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, भारतीय अभ्यासकही सोबत घेऊन, या मदतीची कठोर चिकित्सा केली. १९९०च्या सुमारास त्यांची पुस्तकं आली. युरोपचं दान युरोपातल्याच अभ्यासकांनी तपासलं, याचं मोल मोठं आहे.

आता मात्र अशी मदतच आटत चालली आहे. १९७० मध्येच संयुक्त राष्ट्रांनी श्रीमंत देशांपुढे राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदतीचं लक्ष्य ठेवलं होतं. आज ब्रिटन २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर उतरणार आहे आणि जर्मनीही हात आखडता घेते आहे. युरोपीय संघानं भारताला नवी द्विपक्षीय अनुदानं देणं २०१४ मध्येच थांबवलं. आता युरोपचा पैसा येतो तो बहुतांशी कर्ज आणि गुंतवणूक होऊन. पुणे मेट्रोला युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेनं कर्ज दिलं, ते याच प्रकारातलं.

कर्जाचे हप्ते आपल्याला फेडायचे आहेत. म्हणून परदेशी पैशाच्या फायद्यातोट्याचा अभ्यास आता आपल्या विद्यापीठांनीही केला पाहिजे आणि त्याची सुरुवात दुधापासून करता येईल. जुन्या दूध संस्थांची दप्तरं जिथे शिल्लक असतील, तिथे ती रद्दीत घालू नका. अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना उघडून दाखवा.