घर बदलताना प्रभूला विचारायचं म्हणजे काय?

देवगाव रंगारीहून वाळूजला बिऱ्हाड हलवायचं म्हटलं, की विश्वासू घरात प्रश्न येतोच: यात प्रभूची इच्छा आहे, हे ओळखायचं कसं?

पंडिता रमाबाईंचं बघा. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. अमेरिकेतल्या मित्रमंडळींनी मदत कबूल केली होती, पण दहाच वर्षांची. पुढं काय? रमाबाईंनी प्रार्थना केली आणि केडगावला जमीनही घेतली. फळबाग लावू, उत्पन्नावर सदन चालेल, असा साधा हिशेब.

मग 1897 चा दुष्काळ आला. त्यांनी कितीतरी उपाशी मुली आणल्या. पुण्यात प्लेगमुळं त्यांना ठेवता येईना. तेव्हा केडगावच आसरा झालं. मुक्ती मिशन तिथंच उभं राहिलं. जमीन घेताना यातलं काही ठाऊक नव्हतं!

म्हणून सगळा रस्ता आधी दिसेल, ही अपेक्षाच नको. अब्राहामालाही तो दिसला नव्हता. प्रार्थना करा, सोबत भाडं, पाणी, मुलांची शाळा, जवळचं चर्च यांची चौकशी करा. घरच्यांशी बोला. मग पाऊल टाका. पुढचं प्रभू पाहील.